विश्लेषण : न्हावा शेवा ‘हरित’ झाले, तर शिरड शहापूरच्या हळदीला काय फायदा?

शिरड शहापूरपासून (ता. औंढा नागनाथ) न्हावा शेवा पाचशे किलोमीटरहून दूर आहे. तरीही मराठवाड्यातून परदेशी जाणाऱ्या मालाचा नेहमीचा दरवाजा हाच. भौगोलिक मानांकन मिळालेली ‘वसमत हळद’ही त्याला अपवाद नाही. वर्षाला ७० लाखांहून अधिक कंटेनर (टीईयू) हाताळणारे हे ‘जेएनपीए’ बंदर आता कार्बन कमी करण्याच्या मागे आहे.

बंदरात धूर कुठून येतो?

धक्क्याला लागलेल्या जहाजाचे मुख्य इंजिन बंद असते. पण दिवे, पंप आणि शीतकंटेनर यांच्या विजेसाठी जहाजावरचे जनरेटर चालूच राहतात. शिवाय डिझेलवरच्या क्रेन आणि ट्रकच्या रांगा आहेतच.

उपाय काय?

केंद्राच्या मे २०२३ मधील ‘हरित सागर’ मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिटन मालामागे कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४७ पर्यंत ७० टक्के घटवायचे आहे. त्यासाठी जहाजाला किनाऱ्यावरून वीज देणे, क्रेन विजेवर चालवणे, असे उपाय आहेत. जेएनपीएत सप्टेंबर २०२५ मध्ये बॅटरी बदलता येणारे इलेक्ट्रिक ट्रकही दाखल झाले.

यात मेख काय?

किनाऱ्यावरची वीज कोळशावर तयार झालेली असेल, तर बंदरातली हवा सुधारते. पण कार्बनचा बराचसा भार वीजकेंद्राकडे सरकतो. म्हणून सौर आणि पवन वीज सोबत हवी.

शेतकऱ्याचा संबंध कुठे?

युरोपियन युनियनने जानेवारी २०२४ पासून मोठ्या जहाजांच्या उत्सर्जनावर किंमत लावली. जहाज कंपन्या ती अधिभार म्हणून भाड्यात वसूल करतात आणि भाव ठरवताना निर्यातदार भाडे धरतोच. मात्र न्हावा शेवात जहाजाला वीज मिळाली म्हणून हा अधिभार उतरणार नाही. तो प्रामुख्याने समुद्रप्रवासात जळणाऱ्या इंधनावर आहे.

मग आपल्या हातात काय?

बंदराच्या गेटपर्यंतचा प्रवास. एका टनामागे रेल्वेला ट्रकपेक्षा बरेच कमी इंधन लागते. वसमत आणि हिंगोली रेल्वेमार्गावर आहेत. जालन्याजवळच्या जेएनपीए ड्रायपोर्टची पायाभरणी २०१५ मध्ये झाली, तीही मराठवाड्याचा माल रेल्वेने बंदरात नेता यावा म्हणूनच. बंदरातले ट्रक विजेवर आले, पण हळद पाचशे किलोमीटर डिझेलवरच गेली, तर हिशेब अर्धाच राहील.