सडपातळ देहातील चरबी आणि रक्ताची साक्ष

चयापचय संलक्षण, म्हणजेच मेटाबॉलिक सिंड्रोम, हा एक स्वतंत्र आजार नसून पाच दोषांचा समुच्चय आहे, आणि २००९ साली मान्य झालेल्या संयुक्त व्याख्येनुसार त्यांपैकी कोणतेही तीन आढळले की निदान होते. कंबरेचा घेर भारतीय पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा अधिक, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, दर डेसिलिटर रक्तात उपाशीपोटी साखर १०० व ट्रायग्लिसराइड १५० मिलिग्रॅम किंवा अधिक, आणि हितकारक एचडीएल कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० मिलिग्रॅमच्या खाली, असे हे दोष आहेत.

यांत वजन कोठेही नाही, आणि ते योग्यच आहे. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली: उंचीच्या वर्गाने वजनाला भागून मिळणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. यांपैकी पोटातील अवयवांभोवती साठणारी चरबी यकृताकडे मेदाम्ले धाडते, यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडते, एचडीएल घटते आणि पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात.

म्हणून वजनापेक्षा रक्ताची साक्ष महत्त्वाची; मध्य प्रदेशातील जबलपूरच्या परिसरात मात्र तीही पारखून घ्यावी लागते. मंडला-डिंडोरीच्या गोंडबहुल पट्ट्यात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि जबलपुरात १९८४ साली स्थापन झालेल्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेचा तो जुना अभ्यासविषय आहे. मधुमेहासाठी सर्रास सांगितली जाणारी एचबीएवनसी चाचणी हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते आणि तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात असे गृहीत धरते. सिकलसेलच्या रुग्णात त्या फार लवकर नष्ट होत असल्याने आकडा फसवा कमी येतो, तर लोहाच्या कमतरतेने तो वाढूही शकतो. सिकलसेलच्या रुग्णाला केवळ त्या आकड्यावर निर्धास्त करणे हा त्याच्यावर अन्यायच होय. त्याच्यासाठी उपाशीपोटीची साखर, ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी मोजलेली साखर, आणि तांबड्या पेशींवर मुळीच अवलंबून नसलेली, रक्तद्रवातील प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी फ्रुक्टोसामाइन चाचणी, हे अधिक भरवशाचे मार्ग आहेत.