जुनी मोटारसायकल घेतल्यावर

फेरीसाठी आपले अनेक व्यापारी व कारागीर बंधू जुनी स्प्लेंडर घेतात. गाडी बरेच महिने उभी असेल तर कार्ब्युरेटर चोंदतो. मग चोक ओढल्याशिवाय ती चालत नाही. अशा वेळी इंजिन खोलायची घाई करू नये, असे आम्हाला वाटते. आधी टाकीतले शिळे पेट्रोल काढावे, कार्ब्युरेटर साफ करून प्लग बदलावा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तेव्हा जुन्या रबरी नळ्याही पाहाव्यात. ऑइल नवेच घालावे. जुन्या मालकाचा शब्द इथे कामाचा नाही. गाडी सतत निळा धूर सोडत असेल तर मात्र खर्च मोठा.

फॉर्म २९ व ३० वर दोघांच्या सह्या सौद्याच्या दिवशीच घ्याव्यात. विमाही १४ दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा, नाहीतर गाडी चोरीला गेल्यास भरपाई अडते.