आम्ही संकेतस्थळ कसे उभारले?

गेल्या वर्षी संगणकाच्या तासाला गुरुजींनी वर्गाचे गट पाडले आणि प्रत्येक गटाने एक संकेतस्थळ तयार करावे, असे सांगितले. आमच्या पाच जणांच्या गटाने ‘आपले सचिन’ हा विषय निवडला. आमच्यापैकी बहुतेकांची घरे मूळची खानदेशातील. वडीलधारी मंडळी उधना-जळगाव लोहमार्गाने इकडे आली आणि कापडाच्या धंद्यात स्थिरावली. गावाकडचे आप्त नेहमी विचारतात, “तुमचे सचिन आहे तरी कसे?” त्यांना उत्तर द्यावे, हा आमचा हेतू होता. ते देताना आम्ही जे शिकलो, ते धाकट्या विद्यार्थिबंधूंना आणि भगिनींना सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम संकेतस्थळ म्हणजे काय, ते पाहू. संकेतस्थळाची पाने सदैव चालू असणाऱ्या एका संगणकावर ठेवलेली असतात. त्यास सर्व्हर म्हणतात. आपल्या फोनमधील ब्राउझर त्याच्याकडे पान मागतो, सर्व्हर ते धाडतो आणि ब्राउझर ते वाचून पडद्यावर मांडतो. ही कल्पना टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. एप्रिल १९९३ मध्ये सर्नने ती सर्व जगाला विनामूल्य खुली केली. म्हणूनच आज शाळकरी मुलांनाही कोणाची परवानगी न मागता पान लिहायला बसता येते.

पान लिहिण्यास तीन भाषा लागतात. आमच्या गावात कापडाचा व्यवसाय मोठा, म्हणून आम्ही त्यांची ओळख कापडावरूनच करून घेतली. एचटीएमएल म्हणजे विणलेले कोरे कापड: हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, असे ती सांगते. सीएसएस म्हणजे त्यावरची रंगाई-छपाई: अक्षर केवढे, रंग कोणता, समास किती, हे ती ठरवते. तिसरी जावास्क्रिप्ट. वाचकाने कळ दाबली असता काय घडावे, हे ती पाहते. येथे मात्र कापडाची उपमा पुरी पडत नाही.

आमच्यातील एकाला या विषयाची थोडी माहिती होती. त्याने दोन रात्री जागून कोठून कोठून तयार तुकडे जमवले आणि पान उभे केले. आम्ही चौघांनी त्याचे कौतुक केले आणि खाली पाच नावे लिहिली. गुरुजींनी पान पाहिले. मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवून प्रत्येकास विचारले, “ही ओळ काढली तर काय होईल?” आम्ही चौघे माना खाली घालून उभे राहिलो. पाचव्यालाही उत्तर देता आले नाही, कारण ती ओळ त्याने केवळ उतरवून घेतली होती. गुरुजी रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “नावे पाच आहेत, तर काम पाचांचे दिसू द्या.” ते बोल आम्हांस फार लागले.

आम्ही ते सर्व बाजूस ठेवले आणि नव्याने आरंभ केला. प्रत्येकाने एक पान स्वतः लिहायचे आणि त्यातील प्रत्येक ओळ इतरांना समजावून द्यायची, असा नियम केला. मग अडचणी आल्या. पण प्रत्येक अडचण काहीतरी शिकवून गेली.

पहिली अडचण अक्षरांची. मराठी मजकुराच्या जागी परकीय चिन्हांची गर्दी दिसू लागली. संगणक अक्षरे ओळखत नाही. तो केवळ अंक जाणतो. युनिकोड या पद्धतीत प्रत्येक अक्षराला क्रमांक दिलेला असतो आणि यूटीएफ-८ ही तो साठवण्याची रीत. या रीतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट जागा घेते. आम्ही पानाच्या शिरोभागी ही रीत नोंदवली नव्हती. त्यामुळे ब्राउझर प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजून वाचत होता. ‘सचिन’ या शब्दात स, च, वेलांटी आणि न अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. मौज अशी की, ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना ‘च’च्या आधी दिसते, पण साठवली जाते ‘च’च्या नंतर!

दुसरी अडचण चित्रांची. घरच्या संगणकावर दिसणारे स्थानकाचे छायाचित्र सर्व्हरवर गेल्यावर नाहीसे झाले. शोधाअंती कळले की, चित्राच्या नावात मोठी इंग्रजी अक्षरे होती आणि पानात आम्ही ती लहान लिहिली होती. घरचा संगणक हा भेद मानत नव्हता. सर्व्हर मानत होता. शिवाय चित्र भलतेच जड होते. चार हजार ठिपके रुंदीचे चित्र आठशेवर आणले, तेव्हा उंचीही त्याच प्रमाणात घटून एकूण ठिपके पंचविसावा भाग उरले. गावाकडच्या साध्या फोनवरही पान मग झटकन उघडू लागले.

तिसरी चूक संगणकाची नव्हती, आमचीच होती. सचिन हे पूर्वी सिद्दी नबाबांचे संस्थान. त्याची स्थापना १७९१ साली झाली आणि त्या घराण्याचा संबंध कोकणातील जंजिऱ्याशी. ‘१९४८ साली सचिन गुजरात राज्यात विलीन झाले,’ असे आम्ही लिहिले होते. एकीच्या आजोबांनी ते वाचून हसत विचारले, “अरे, तेव्हा गुजरात राज्य होते कोठे?” खरेच! ते १ मे १९६० रोजी महाराष्ट्राबरोबरच निर्माण झाले. १९४८ मध्ये सचिन मुंबई प्रांतात गेले. ब्राउझरने या चुकीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. खुणा बरोबर असल्या की तो खोटेही सुबकपणे मांडतो. खरेखोटे पाहणे हे लिहिणाऱ्याचेच काम.

पुन्हा तपासणी झाली, तेव्हा गुरुजींनी मुद्दाम एकाच्या पानावरील ओळ दुसऱ्यास विचारली. या वेळी पाचही जणांना उत्तरे देता आली. पान पहिल्याइतके झगमगीत नव्हते. पण ते आमचे होते. त्याच रात्री नंदुरबारहून एका मावशीचा फोन आला. “स्थानक पाहिले, कारखाने पाहिले,” त्या म्हणाल्या, “आता तुमची शाळाही दाखवा की!”

ते पान लिहावयाचे अद्याप राहिले आहे. यंदाच्या वर्गातील कोणी ते हाती घेईल काय?