१,४२,८५७ : बहिणीच्या वाट्याची संख्या

कळमन्यातील आमच्या मुलांना हिशेब नवा नाही. संत्री, मिरची, धान्य यांचे भाव ती घरीच ऐकतात. म्हणून नववीच्या वर्गात मी एक घरगुती उदाहरण घातले. एका मरहूम गृहस्थांचे १० लाख रुपये मागे राहिले. कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत यांची पूर्तता आधीच झाली आहे. आईवडील व पत्नी हयात नाहीत. वारस तीन मुलगे आणि एक मुलगी. कोणाला किती?

सूरह अन-निसाच्या ११ व्या आयतीप्रमाणे मुलाचा वाटा दोन मुलींइतका. म्हणजे मुलांचे सहा वाटे, मुलीचा एक, एकूण सात. १० लाखांना ७ ने भागले, तर भागाकार १,४२,८५७ आणि बाकी एक रुपया. मुलीला १,४२,८५७ रुपये. प्रत्येक मुलाला २,८५,७१४.

"मॅडम, अंक तर तेच आहेत!" मागून एक मुलगा म्हणाला.

खरेच. या संख्येची तिप्पट ४,२८,५७१, चौपट ५,७१,४२८, पाचपट ७,१४,२८५, सहापट ८,५७,१४२. तेच सहा अंक त्याच क्रमाने फिरतात. सातपट मात्र ९,९९,९९९! कारण सोपे आहे. १ ला ७ ने भागत गेलो की बाकी ३, २, ६, ४, ५, १ अशी येते आणि पुन्हा तोच फेरा सुरू होतो. सुरुवात कोठूनही करा, फेरा तोच.

नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक असलेले द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांतही ही बसते. हिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करून बेरीज करा : २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. संख्या आपल्या जागी परत येते.

वारसाहक्काचा हिशेब ही आपली जुनी विद्या आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज्मींनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग विरासतीच्या उदाहरणांचा आहे.

तास संपताना एका मुलीने विचारले, "मॅडम, पण आमच्या फुफीने तर हिस्सा माफ केला. मग भागायचे कितीने?"

वर्ग गप्प झाला. मी म्हटले, "सातनेच."

सहाने भागले की प्रत्येक भावाच्या वाट्यात बहिणीचे पैसे मिसळतात. माहेर तुटेल या भीतीने म्हटलेले "माफ" हे राजीखुशीचे माफ नव्हे. आधी तिची रक्कम तिच्या हाती द्यावी. नंतर ती ठेवो, खर्च करो वा कोणाला देवो, मर्जी तिची. आपल्या घरचा नेमका मसला आलिमांना जरूर विचारावा, पण विचारताना बहिणीचे नाव वारसांच्या यादीतून गाळू नये.

आणि तो उरलेला एक रुपया? मुलांनीच ठरवले : चौघांच्या संमतीने सदका. अल्लाह आपल्या घरांना असा चोख हिशेब करण्याची तौफीक देवो. आमीन.