एक्सपीत अडकलेली मराठी

छत्रपती संभाजीनगरात टिळकपथावरून गुलमंडीकडे चालत गेलं किंवा औरंगपुऱ्याच्या आतल्या गल्ल्यांत शिरलं की डीटीपीच्या पाट्या अजून दिसतात. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, प्रबंध, कवितासंग्रह, सगळं इथं लागतं. अशा दुकानांत पुष्कळदा दोन संगणक असतात. एक नवा. त्यावर ग्राहकाचा मेल, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं मॅटर, रंगीत डिझाइन. दुसरा कोपऱ्यातला जुना, नेटची वायर काढून ठेवलेला. त्यावर विंडोज एक्सपी, एक्सपीवर पेजमेकर आणि पेजमेकरमध्ये श्रीलिपी किंवा आकृतीचे फॉन्ट. फ्लेक्स नि कार्ड पहिल्यावर होतात. दोनशे पानांचं मराठी पुस्तक आलं की ऑपरेटर खुर्ची दुसऱ्याकडे वळवतो.

कागदोपत्री या दुसऱ्या संगणकाचं आयुष्य कधीच संपलंय. एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट थांबवला. विंडोज सातचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला गेला, दहाचा १४ ऑक्टोबर २०२५ ला. दहा वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष मिळण्याची सोय ठेवली. अकरा मात्र टीपीएम २.० आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर नसेल तर रीतसर चढतच नाही, त्यामुळे चांगले चालणारे संगणकही एका फटक्यात जुने ठरले. मग २००१ सालची विंडोज अजून कोण आणि का सांभाळतं?

जुन्याला चिकटून राहणारा माणूस आळशी किंवा भित्रा असतो, असं सहज बोललं जातं. डीटीपीवाल्यांच्या बाबतीत ते साफ चूक आहे. या धंद्याने एका पिढीत जेवढे बदल पचवले तेवढे फार थोड्या धंद्यांच्या वाट्याला आले. हे शहर छपाईचं. गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ इथून निघालं, मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’ इथलंच, आणि साकेत, कैलाश, परिमल यांच्यासारख्या प्रकाशनसंस्थांनी पुण्या-मुंबईच्या बाहेर पुस्तकांचा संसार उभा केला. सुरुवातीच्या काळात हे सगळं खिळे जुळवून चालायचं. केसमधून एकेक खिळा उचलायचा, स्टिकमध्ये ओळ बांधायची, गॅलीवर प्रूफ काढायचं, फर्मा कसायचा. मग ऑफसेट आलं, फोटोकंपोझिंग आलं आणि नव्वदच्या दशकात डीटीपी. ज्यांनी शिशाच्या खिळ्यांवरून माऊसवर उडी मारली, त्यांना बदलाची भीती वाटते असं म्हणणं अन्यायाचं आहे.

त्यांच्या हाती आलं ते पेजमेकर. आल्डस कंपनीने १९८५ साली काढलेलं हे सॉफ्टवेअर १९९४ मध्ये अ‍ॅडोबीकडे आलं आणि २००१ साली आलेली सात नंबरची आवृत्ती शेवटची ठरली. म्हणजे शेवटचं पेजमेकर आणि एक्सपी एकाच वर्षातले. दोघांचं जमलंही छान. थोडक्या मेमरीवर चालायचं, क्वचित हँग व्हायचं, आणि बटर पेपरवर निघालेली प्रिंट थेट प्लेटला जायची.

पण पेजमेकर आवडतं म्हणून कोणी पंचवीस वर्षं जुना संगणक जपत नाही. खरी गाठ फॉन्टमध्ये आहे. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, आकृती बंगळुरूच्या सायबरस्केपची, आयएसएम सी-डॅकचं. या पॅकेजांनी मराठी संगणकावर आणली ती एका युक्तीने. फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरं, आणि ती रोमन अक्षरांसाठी आखलेली. त्याच घरांत काना, वेलांटी, अर्धा त, रफार, जोडाक्षरांचे तुकडे बसवले. पडद्यावर दिसायची देवनागरी, फाइलमध्ये मात्र साठायचे रोमन घरांचे आकडे. फॉन्ट आहे तोवर मराठी आहे. फॉन्ट उडाला की तीच फाइल रोमन अक्षरं, उच्चारचिन्हं आणि चलनाच्या खुणा यांचा चुरा होऊन समोर येते. त्यात प्रत्येक कंपनीची घरांची वाटणी वेगळी, म्हणून श्रीलिपीतलं मॅटर आकृतीत उघडलं तरी चुराच.

पेजमेकरच्या शोधायच्या चौकटीत मराठी शब्द टाइप केला तरी तिथे रोमन खुणाच उमटतात, कारण ती चौकट विंडोजच्या फॉन्टमध्ये दिसते. मुरलेले ऑपरेटर त्या खुणांवरूनच शब्द ओळखतात. ही विद्या कुठल्या पुस्तकात नाही.

युनिकोडने देवनागरीला स्वतःचे आकडे दिले ते १९९१ साली. विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली विंडोज २००० पासून. एक्सपीतही ती आपोआप नव्हती. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करायची आणि विंडोजची सीडी घालायची, तेव्हा कुठे मंगल फॉन्ट नीट जोडाक्षरं दाखवायचा. पेजमेकरला तर युनिकोड शेवटपर्यंत कळलंच नाही. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट बसवण्याची सोय अ‍ॅडोबीने दिली ती सीएस सिक्समध्ये, २०१२ साली. म्हणजे विंडोजवरचं मराठी युनिकोड आणि पुस्तक लावण्याचं साधन यांची गाठ पडायला मध्ये बारा वर्षं गेली. त्या बारा वर्षांत पुस्तकं थांबली नव्हती. कथा, कविता, क्रमिक पुस्तकं, गौरवग्रंथ, स्मरणिका छापल्या जात होत्या आणि त्यांच्या फाइली जुन्या आकड्यांत साठत होत्या. जुन्या संगणकाची खरी किंमत या फाइलींत आहे.

त्यातून बाहेर पडायला आणखी दोन अडथळे. पहिला कुलपाचा. या पॅकेजांबरोबर हार्डवेअर लॉक यायचा, बोलीत डोंगल. जुने डोंगल प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागत. नव्या संगणकांना तो पोर्टच नसतो, आणि ६४ बिटच्या विंडोजवर जुना ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. पैसे मोजून घेतलेलं पॅकेज एका बोटभर ठोकळ्यामुळे जुन्या मशीनला बांधलं जातं.

दुसरा अडथळा बोटांचा. शहरातल्या कितीतरी ऑपरेटरांची सुरुवात मराठी टायपिंगच्या क्लासात झाली. तीस शब्द, मग चाळीस शब्द, सरकारी परीक्षा. टाइपरायटरचा तोच कीबोर्ड श्रीलिपी-आकृतीत मिळाला, म्हणून बोटं अडली नाहीत. विंडोज मात्र मराठीसाठी इनस्क्रिप्ट देते, आणि उच्चारावर चालणारा फोनेटिक कीबोर्ड तिने २०१९ साली जोडला. इनस्क्रिप्ट शास्त्रशुद्ध आहे, नव्याने शिकणाऱ्याने तोच शिकावा असं माझं ठाम मत आहे. पण पन्नाशीच्या ऑपरेटरला पानावर पैसे मिळतात. वेग अर्धा झाला तर कमाई अर्धी होते. त्याला कीबोर्ड बदला असं सांगणाऱ्याने मधल्या महिन्यांचा खर्च कोण सोसणार हेही सांगायला हवं.

२०२३ मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं तेव्हा या जुन्या फाइलींचं मोल नव्याने दिसलं. दुकानांची बिलबुकं, संस्थांची लेटरहेडं, शाळांचे दाखले, सगळ्यांवरचा पत्ता बदलायचा होता. पंधरा वर्षांपूर्वीचं लेटरहेड पेजमेकरमध्येच पडलेलं. एकच शब्द बदलायचा तरी फाइल उघडायला तोच संगणक हवा. ‘औरंगाबाद’ जिथे पिनकोडसकट एका ओळीत बसायचं तिथे ‘छत्रपती संभाजीनगर’ मावेना, मग पॉइंट कमी कर, ओळ तोड, फोन नंबर खाली सरकव.

विद्यापीठाच्या बाजूला प्रश्न जास्त गंभीर होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ सालचं. मराठी, इतिहास, समाजशास्त्र, लोकसाहित्य अशा विषयांवरचे मराठी प्रबंध टाइप होतात ते डीटीपीच्या दुकानांतच. आता देशभरातले प्रबंध ‘शोधगंगा’वर चढतात, ही मोठी सोय आहे. पण जुन्या फॉन्टमधल्या मराठी प्रबंधाची पीडीएफ नुसती पाहता येते, तिच्यात शब्द शोधता येत नाही. मजकूर कॉपी केला तर चुरा हाती लागतो. एखाद्या विद्यार्थ्याने मेहनतीने तालुक्यातल्या पोतराजांच्या गाण्यांवर लिहिलं असेल, तर दुसऱ्या विद्यार्थ्याला ते शोधून सापडणार नाही. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही ते वाचता येत नाही. लिहिलेलं आहे, साठवलेलं आहे, आणि तरी नसल्यासारखं आहे. मला यात सगळ्यात जास्त नुकसान दिसतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, जुन्या सिस्टीमची गोष्ट वेगळी आहे आणि सोपीही. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ चा. त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या युनिटांची आणि टूलरूमची साखळी उभी राहिली. सीएनसी किंवा वायरकट मशीन लाखो रुपयांचं, वीस वर्षांनीही त्याचा लोखंडी देह ठणठणीत असतो. अशा मशीनला जोडलेला संगणक कधी एक्सपीवर, कधी त्याच्याही आधीच्या विंडोज एनटीवर चालतो, कारण कंट्रोलरचं सॉफ्टवेअर त्यावरच बसवलेलं असतं. तिथे विंडोज बदलणं म्हणजे कंट्रोलर बदलणं. तो खर्च टाळून जुनी सिस्टीम ठेवणारा कारखानदार शहाणपणाच करतो, फक्त ती नेटवर्कपासून तोडलेली हवी आणि कुणाचाही पेनड्राइव्ह तिला लागता कामा नये.

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीही तातडीची दुरुस्ती काढली. पण त्यात बाधित झालेले बहुसंख्य संगणक विंडोज सातचे होते. सपोर्ट चालू होता, दुरुस्ती दोन महिने आधी आली होती, ती टाकली गेली नव्हती. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसमुळे जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. नेटची वायर काढून ठेवलेली एक्सपी नेटला जोडलेल्या आणि अपडेट न केलेल्या नव्या विंडोजपेक्षा सुरक्षित असू शकते. डीटीपीवाल्यांनी ही वायर काढली ती अनुभवातून.

मात्र या संगणकाचं शरीर थकलंय, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगतात, सीमॉसचा सेल संपला की तारीख मागे जाते, हार्डडिस्क टकटक करायला लागते. नवी विंडोज मारून देणारे गल्लोगल्ली आहेत, पण जुन्या आयडीई हार्डडिस्कला पर्याय शोधावा लागतो. काहींनी अख्खी एक्सपी, फॉन्ट आणि पेजमेकरसकट, नव्या संगणकातल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवली आहे. यूएसबीचा डोंगल असेल तर हे जमतं, पॅरललचा असेल तर फार खटाटोप पडतो.

माझ्या मते सिस्टीम जपावी, पण तिच्यातला मजकूर तिथे ठेवू नये. मशीन आज ना उद्या बंद पडणार. त्याआधी फाइली युनिकोडमध्ये आल्या पाहिजेत, आणि तेही रोमन खुणांवरून शब्द ओळखणारी माणसं कामावर आहेत तोवर. हा खर्च एकट्या दुकानदारावर टाकणं बरोबर नाही. प्रकाशकाने, विद्यापीठाने, अनुदान देणाऱ्या मंडळांनी तो प्रूफवाचनासारखा रीतसर खर्च मानावा. ऑपरेटरला तेवढे पैसे द्यावेत. घाईला आणखी एक कारण आहे. पेजमेकरच्या फाइली उघडू शकणारं शेवटचं इनडिझाइन सीएस सिक्सच होतं, पुढच्या आवृत्त्यांनी ती वाट बंद केली. तो पूलही आता जुना झालाय.

कन्व्हर्टर आहेत, पण बटण दाबलं की झालं, असं हे काम नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी येते आणि अक्षर नंतर, युनिकोडमध्ये उलट. रफार जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये र आधी. ‘धर्म’ सरळ सुटतो, पण ‘कार्यकर्त्यांनी’मध्ये पहिला रफार य च्या आधी आणि दुसरा सबंध त्य च्या आधी न्यायचा असतो. पुष्कळ फॉन्टांत रफार आणि अनुस्वार मिळून एकच तुकडा असतो. कन्व्हर्टरने तो नुसता रफार धरला तर अनुस्वार गळतो, आणि ‘वर्षांत’चं ‘वर्षात’ झालेलं वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

सर्वांत चिवट ती आपल्या मराठीची डोळ्यांच्या पापणीसारखी अर्ध्या र ची खूण. दऱ्या, वाऱ्यावर, सातबाऱ्यावर. युनिकोडमध्ये ती दोन प्रकारे लिहिता येते. एक, नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठवाड्यातल्या दुष्काळावरचा, पाण्यावरचा, कर्जमाफीवरचा कुठलाही ग्रंथ घ्या, त्यात ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द पानोपानी येतो. अर्धी प्रकरणं एका कन्व्हर्टरने आणि अर्धी दुसऱ्याने बदलली असतील तर शोधणाऱ्याला निम्मेच शेतकरी सापडतील. म्हणून फाइल हातावेगळी करण्याआधी एक पद्धत ठरवावी, दुसरी शोधून सगळीकडे बदलून घ्यावी, आणि कोणती ठेवली ते पहिल्या पानाच्या मागे लिहून ठेवावं.