दोराला मिठी मारणारी गाठ

मुलांनो, माडावर चढणारा माणूस तुम्ही पाहिला असेलच. गोव्यात त्याला पाडेली म्हणतात. दोन्ही पावलांत दोराचा फास अडकवायचा, हातांनी माडाला मिठी मारायची, पाय वर ओढून घ्यायचे. बघता बघता गडी शेंड्यापाशी! माडाचं खोड सरळ, बिनफांद्यांचं आणि मिठीत मावेल एवढंच, म्हणून हे जमतं.

पण खोड चार जणांच्या कवेतही मावत नसेल तर? फांद्या आडव्या लांबच लांब गेलेल्या असतील तर? आणि चढणाऱ्याच्या हातात यंत्राची करवत असेल तर?

इंग्लंड-अमेरिकेत अशा झाडांची छाटणी करणाऱ्या तज्ज्ञांना आर्बोरिस्ट म्हणतात. त्यांचा सगळा भरवसा एका दोरावर आणि एका गाठीवर. आधी ते बारीक दोरीला वजनाची छोटी पिशवी बांधून ती उंच फांदीवरून पलीकडे फेकतात. (नेम चुकतो, पुन्हा फेकतात. पिशवी अडकली की वैतागतातही!) मग त्या दोरीने बोटाएवढा जाड दोर वर ओढून घेतात. कमरेला आणि मांड्यांना पट्टे असतात. आता वर जायचं कसं? इथे दोन पद्धती आहेत.

पहिली जुनी. आपल्या विहिरीचा रहाट आठवा. काठावर उभं राहून बादली ओढली, तर बादलीचं सगळं वजन हाताला जाणवतं. पण समजा, तुम्हीच बादलीत बसलात आणि दोराचं दुसरं टोक स्वतःच ओढलंत, तर? तुमचं वजन दोराच्या दोन पदरांत वाटलं जाईल. निम्मंच ओढावं लागेल! मात्र एक मीटर वर जायला दोन मीटर दोर ओढायचा. फुकट काहीच मिळत नाही, बरं का! झाडावर हेच होतं. दोराचं एक टोक पट्ट्याला बांधलेलं, दोर फांदीवरून जाऊन खाली आलेला आणि त्या खाली आलेल्या पदरावर आपल्या नायिकेची, म्हणजे गाठीची पकड.

ही गाठ मोठी हुशार. तिचे वेढे दोराभोवती असतात. तिच्यावर भार आला की वेढे आवळतात आणि दोर घट्ट धरतात. भार गेला की ते सैल पडतात, मग गाठ हाताने वर सरकवता येते. अशा गाठींपैकी एक कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९३१ साली गिर्यारोहकांपुढे मांडली. पण ती कधी कधी इतकी घट्ट बसते, की सोडवताना नाकी नऊ येतात. झाडावर ब्लेकची गाठ बरी. तिची गंमत अशी, की ऑस्ट्रियाच्याच हाइन्झ प्रोहास्का यांनी ती १९८१ मध्ये छापून प्रसिद्ध केली होती. पुढे १९९४ मध्ये अमेरिकेतल्या जेसन ब्लेक यांनी ती स्वतंत्रपणे मांडली, आणि नाव चिकटलं ते ब्लेक यांचं! ही गाठ सहसा सैल होत नाही. दोष एकच. भराभर खाली उतरलं तर घर्षणाने तापते. नायलॉन साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून उतरायचं ते सावकाश. गाठीच्या दोरीवर चकचकीत, कडक झालेली जागा दिसली, तर ती दोरी कामातून बाद.

दुसरी पद्धत नवी. यात दोर हलत नाही. तो झाडाच्या बुंध्याशी किंवा वर फांदीलाच पक्का बांधतात आणि पावलाला व गुडघ्याला पकडीचे चाप लावून शिडी चढावी तसं चढतात. एक मीटर दोर, एक मीटर उंची. पायांत हातांपेक्षा जोर जास्त, त्यामुळे दमही कमी लागतो. शिवाय दोर फांदीवर घासत नाही, साल सोलली जात नाही. (जुन्या पद्धतीत त्यासाठी फांदीवर कड्यांचा पट्टा टाकावा लागतो.) पण आता सगळं वजन एकाच पदरावर. नुसती गाठ इतकी आवळते, की उतरताना धड सुटत नाही. म्हणून तिच्या वर धातूचं एक छोटं साधन लावतात. ते थोडं घर्षण स्वतःकडे घेतं.

आता डोकं चालवा. नव्या पद्धतीत दोर बुंध्याशी बांधला असेल, तर वरच्या फांदीवर किती भार येईल? माणसाएवढा? नाही, जवळजवळ दुप्पट! एका बाजूला माणूस, आणि तो खाली येऊ नये म्हणून दुसऱ्या बाजूला तेवढाच ताण. जुन्या पद्धतीत मात्र फांदी साधारण एकाच माणसाचं वजन पेलते. म्हणून नव्या पद्धतीत फांदी जास्त पारखून घ्यावी लागते. बुंध्याशी बांधलेल्या दोराला खालच्या माणसाची करवत चुकून लागली, तर वरचा थेट जमिनीवर. पण सोय आधीच करून ठेवली असेल, तर वरचा जखमी झाल्यावर खालचा त्याला हळूहळू उतरवूही शकतो. माझं मत विचाराल, तर उंच, सरळ झाडाला नवी पद्धत आणि पसरलेल्या झाडात इकडून तिकडे फिरायला जुनी.

पद्धत कोणतीही असो, आधी जमिनीपासून दोन फुटांवर लटकून सगळं तपासतात. करवत चालवताना दुसऱ्या दोरानेही स्वतःला झाडाशी बांधून घेतात. आणखी एक गोष्ट नवख्याला पुन्हा पुन्हा शिकवतात. घसरायला लागलं की माणूस घाबरून हाताला येईल ते घट्ट धरतो. त्याने गाठच धरून खाली ओढली, तर ती आवळतच नाही आणि तो घसरतच राहतो. हात सोडला की गाठ दोर पकडते! जिवावर बेतलेलं असताना हात सोडायचा, हे किती कठीण, नाही?

घरी करून बघायचंय? खिडकीच्या गजाला जाड दोर बांधा. बुटाच्या नाडीची टोकं बांधून कडं करा. ते दोराभोवती स्वतःतूनच तीन वेळा ओवून घ्या, वेढे शेजारी शेजारी नीट बसवा आणि पाण्याची लिटरभराची बाटली अडकवा. मग एकच वेढा घेऊन बघा, दोन घेऊन बघा. गुळगुळीत नायलॉनच्या दोरावर आणि खरखरीत सुंभावर वेगवेगळं काय होतं, ते वहीत लिहा. आणि हो, लटकवायची ती बाटलीच, स्वतःला नाही!