सह्याद्रीतला सराव आणि हिमालयातली हवा

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांतली अनेक तरुण मंडळी हिमालयात पदभ्रमणाला जातात. त्याआधीचे तीन-चार महिने त्यांचा सुट्टीचा वार, मग तो रविवार असो की गुरुवार, लोहगड किंवा सिंहगडावर जातो. 'सिंहगड तासाभरात चढतो, आता वर त्रास होणार नाही ना?' असा प्रश्न मग आम्हाला विचारला जातो. या प्रश्नात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ आहे.

आधी चढ पाहू. सिंहगडाची पायवाट सुमारे ६०० मीटर वर नेते. ६० किलोचा माणूस १० किलोची पाठपिशवी घेऊन चढला, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध कार्य होते ७० × ९.८ × ६००, म्हणजे सुमारे ४.१ लाख ज्यूल, अर्थात जवळजवळ १०० किलोकॅलरी. स्नायू मात्र अन्नातील ऊर्जेचा फार तर पाचवा-चौथा हिस्सा अशा कामी लावतात. बाकीची उष्णता होते. म्हणून प्रत्यक्ष खर्च ४०० ते ५०० किलोकॅलरींचा. (विद्यार्थ्यांना स्वतःचे वजन घालून हे गणित जरूर करायला द्यावे.) नियमित चढाईने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंत केशवाहिन्या आणि तंतुकणिका वाढतात.

आमच्या मते सह्याद्रीचा खरा उपयोग उतरताना होतो. उतरताना मांडीचे स्नायू भार पेलत असतानाच ताणले जातात, त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि पुढचे दोन दिवस जिना नकोसा वाटतो. अशा काही उतारांनंतर हा त्रास बराच कमी होतो. सपाटीवर धावून किंवा सायकल चालवून ही तयारी होत नाही. गडावर पिठलं-भाकरी खाऊन जीपने खाली येणाऱ्याचा अर्धा सराव बुडाला म्हणायचा!

आता हवा. ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असते. उंचीबरोबर घटतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीच्या तुलनेत निगडीत तो सुमारे ९४ टक्के, कळसूबाईवर (१,६४६ मी.) ८२ टक्के, तर एव्हरेस्टच्या नेपाळकडील तळावर (५,३६४ मी.) जवळजवळ निम्मा असतो. कळसूबाईच्या माथ्यावर प्लास्टिकची रिकामी बाटली घट्ट बंद करून निगडीला आणा. तापमानाचा फरक सोडला तर आतली हवा सुमारे एक अष्टमांशाने आकसलेली दिसेल.

उंचीवर शरीर प्रथम श्वास वाढवते. त्यामुळे कार्बन डायॉक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि हा बदलच श्वासाला लगाम घालतो. मूत्रपिंडे बायकार्बोनेट लघवीवाटे टाकू लागली की लगाम सैल होतो, पण त्याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशींची भर पडायला तर आठवडे हवेत. एका दिवसाच्या कळसूबाईने यातले काहीच साधत नाही, आणि साधले तरी घरी परतल्यावर टिकत नाही.

म्हणूनच दमदार माणसालाही उंचीचा आजार होतो. किंबहुना तो भरभर चढतो, त्यामुळे धोका ओढवून घेतो. विमानाने थेट लेहला (३,५०० मी.) उतरून त्याच दिवशी भटकायला निघणाऱ्यांचेही हेच होते. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम करावा, असा संकेत आहे. लुकलाहून निघालेले लोक नामचेला (३,४४० मी.) दोन रात्री राहतात ते यासाठीच. दिवसा थोडे वर चढून झोपायला खाली यावे.

डोकेदुखी, मळमळ, झोप न येणे ही पहिली लक्षणे. ती असताना वर जाऊ नये, आणि तुकडीच्या नेत्यापासून लपवूही नये. तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मेंदूला सूज येत असल्याची किंवा फुप्फुसात पाणी साचत असल्याची शक्यता असते. अशा वेळी रात्र असली तरी सोबत घेऊन त्याला ताबडतोब खाली उतरवावे.